भिंतीतली नऊ भोकं

खोलीत गॅसचे दोन लाल सिलिंडर, छताला चार नोझल, धूर ओळखणारे सहा सेन्सर, दोन भोंगे, जास्तीचा दाब सोडणारी एक झडप आणि चोवीस रिकामी फडताळं होती. शेजारच्या जुन्या खोलीत ताडपत्रांच्या तेराशे बेचाळीस पोथ्या होत्या. यंत्रणा तपासायला आलेल्या वारिजाने यादीवर एकेक खूण केली. फाटकाबाहेर बेंगळुरूहून आलेला ट्रक उभा होता. तो तिच्या यादीत नव्हता.

तीर्थहळ्ळीच्या या पोथीघरात आग विझवणारी यंत्रणा पाचच्या आत पास झाली, तर पोथ्या नव्या खोलीत जाणार होत्या. नाही झाली, तर कायमच्या बेंगळुरूला. हे सांगायला संस्थेचे सचिव रामनाथन स्वतः आले होते आणि व्हरांड्यात कशाय, म्हणजे धने-जिऱ्याचा काढा, पीत बसले होते. एकतीस वर्षं पोथ्या सांभाळणारे सुब्राय हेगडे सकाळपासून घोटभर पाणीही प्यायले नव्हते.

पहिला भाग चोख झाला. गॅस खरोखर सुटू नये म्हणून वारिजाने सिलिंडरची जोडणी सोडवून तिथे चाचणीचा दिवा जोडला. एका सेन्सरला खोटा धूर दिला, मग दुसऱ्याला. भोंगे वाजले, एसीचा मार्ग बंद झाला, आणि बरोबर तिसाव्या सेकंदाला दिवा पेटला.

उरली खुद्द खोली. सोडलेला गॅस किमान दहा मिनिटं आत टिकायला हवा, नाहीतर विझलेली आग पुन्हा धरते. दारात मोठा पंखा बसवून तिने आतली हवा बाहेर खेचली, गळती मोजली आणि गणित मांडलं. सहा मिनिटं पन्नास सेकंद.

रामनाथन यांनी ट्रकवाल्याला जेवून घ्यायला सांगितलं.

पोथीघरात उदबत्तीलाही बंदी आणि खोट्या धुराची डबी सेन्सरपुरतीच, तेव्हा धुराने भोक शोधायची सोय नव्हती. वारिजाने हेगड्यांकडून पोथी बांधायचा दोरा मागून घेतला, त्यातला एक पदर सोडवून पेन्सिलीला बांधला आणि पंखा चालू ठेवून जमिनीलगत रांगायला लागली. गॅस हवेपेक्षा जड, पळायचा तर खालूनच. मागच्या भिंतीपाशी, फडताळाच्या तळाशी, धागा भिंतीपासून दूर उडाला. मग आणखी चार ठिकाणी. तिने रंग खरवडला, तर आत काथ्या.

"अजून आहेत, अम्मा," मागून हेगडे म्हणाले. "एकूण नऊ. मीच मोजून ठेवायला लावली होती."

या भागात सुपारी साठवायच्या खोलीला तळाशी बोटभर भोकं ठेवून काथ्या कोंबतात, म्हणजे माल घुसमटत नाही. ही नवी खोली बांधणाऱ्या गवंडी तिम्मप्पाचा जन्म तसल्या खोल्या बांधण्यात गेलेला. पोथ्यांच्या पानांनाही श्वास लागतो, असं हेगड्यांनी त्याला सांगितलं आणि त्याला ते लगेच पटलं. नकाशावर दाखवायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"हेगडे, तुम्ही पोथ्यांना सुपारी समजलात?" रामनाथन दारातून म्हणाले.

"आमच्या सुपारीला कधी बुरशी लागली नाही."

वारिजाने भांडण वाढू दिलं नाही. तिने आर्द्रतेचं मापक आधी व्हरांड्यात धरलं, मग आत. बाहेर अठ्ठ्याऐंशी टक्के, आत चौसष्ट. आत हवी होती पन्नास.

"मामा, ओल याच भोकांतून आत येतेय. ओल शोषणारं यंत्र ती उपसून दमतंय."

हेगड्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला. मग तिम्मप्पाला फोन त्यांनीच लावला.

तिम्मप्पा लवकर आवळणारं सिमेंट घेऊन आला आणि कुरकुरला, "तेव्हा ठेव म्हणालात, आता बुजव म्हणता. पोथ्यांनी श्वास सोडला का?"

"बुजव रे," हेगडे म्हणाले आणि स्वच्छ पंच्यानिशी जमिनीवर पालथे पडून टॉर्च धरून राहिले. सिमेंट आवळल्यावर वारिजाने वरून आगीला दाद न देणारा लेप भरला. नऊच्या नऊ.

चार वाजता पंखा पुन्हा सुरू झाला. हेगड्यांनी धागा तिच्या हातून घेतला आणि स्वतः भिंतीलगत फिरवला. नवव्या जागीही तो सरळ लोंबत राहिला, तेव्हा ते पडल्या पडल्याच हसायला लागले. तिम्मप्पाही हसला. वारिजाने गणित दोनदा केलं आणि कागद रामनाथन यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला, सही केली आणि फाटकाकडे गेले. ट्रक रिकामाच वळला. मग वारिजाने सिलिंडरची जोडणी पूर्ववत केली, आणि हेगड्यांनी पहिली पोथी दोन्ही हातांवर घेऊन उंबरा ओलांडला.

कागदावर शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: गॅस टिकण्याचा काळ, चौदा मिनिटं वीस सेकंद.