दोघांमधला बॉल

पास अगदी विदला हवा तसा आला. बचावाच्या फळीतून सुटलेला, जरासा पुढे, ओल्या गवतावरून घसरत जाणारा. समोर फक्त गोलकीपर. पाहुण्या संघाचा तो उंच गोलकीपर जागा सोडून धावत सुटला, आणि विदही धावला. बॉल दोघांच्या मध्ये होता, आणि विदच आधी पोचणार हे स्टेडियममधल्या कुणीही सांगितलं असतं. पण ऐन वेळी त्याचा पाय आखडला. बाहेरून नीट कळणारही नाही इतकंच; वेग किंचित मोडला, खांदा वळला, आणि गोलकीपरनं झेप घेऊन बॉल छातीशी धरला.

पहिल्यांदाच झालं असतं तर लोक हळहळले असते आणि विसरले असते. पण हिवाळ्याची सुट्टी संपून लीग पुन्हा सुरू झाल्यापासून हे असंच चाललं होतं. स्टेडियममधून शिट्ट्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतला, गळ्यात क्लबचा मफलर घातलेला एक म्हातारा उभा राहून विदला आडनावानं हाक मारत म्हणाला, "प्रेलोग, गोलकीपर चावत नाही रे." आजूबाजूचे सगळे हसले. विदला ते स्पष्ट ऐकू गेलं.

सामना संपायच्या आतच कोच ह्रेननी त्याला बाहेर काढलं. नंतर सगळे खेळाडू निघून गेल्यावर ते कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसले. ते ओरडणारे कोच होते. त्या दिवशी ओरडले नाहीत, म्हणून विदला जास्त भीती वाटली. त्यांनी सांगितलं की सीमेपलीकडच्या ग्रात्स शहरातल्या क्लबचा माणूस शरद ऋतूत त्याच्याबद्दल दर आठवड्याला फोन करायचा, आता तो फोन उचलत नाही. जूनमध्ये करार संपतोय, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

"तुझे पाय ठीक आहेत, दम ठीक आहे," ह्रेन म्हणाले. "काय होतंय ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. येत्या शनिवारी तुला पहिल्यापासून खेळवतो. तिथंही थांबलास, तर मग मला दुसरा बघावा लागेल."

विद वीस वर्षांचा होता. राडेचे गावचा, तिथल्या कागद कारखान्यातल्या फोरमनचा मुलगा. तो फार उंच नव्हता, त्याचा डावा पाय तर बेताचाच होता. पण जिथं पाय घालायला बाकीचे कचरतात तिथं हा डोकंसुद्धा घालायचा. लहानपणी त्याच्या आईनं त्याच्या भुवईवरचे टाके पाहून कितीदा तरी रडून घेतलं होतं. याच एका गुणावर तो पहिल्या लीगमध्ये आला होता, आणि तोच गुण नोव्हेंबरात पोहोर्येच्या डोंगरांच्या पायथ्याशी एका चिखलाच्या मैदानात राहून गेला होता.

तो कपचा सामना होता. कपमध्ये मोठ्या संघांना कधी कधी खेड्यातल्या संघाच्या मैदानावर जावं लागतं. सगळं गाव कुंपणाला टेकून उभं होतं, एका कोपऱ्यात सॉसेज भाजत होते. गावाच्या संघाचा गोलकीपर स्तोयान पेर्को हा मैदानातला सर्वांत वयस्कर माणूस. आठवडाभर तो ॲल्युमिनियमच्या कारखान्यात भट्टीवर काम करायचा. लोक त्याला नावानं हाका मारत होते, तोही मधूनच त्यांना काहीबाही उत्तरं देत होता. मग एक लांब बॉल आला, स्तोयान पुढे धावला, विदही धावला. विदच्या बुटाचं टोक बॉलला आधी लागलं आणि मागोमाग स्तोयानच्या पायाचं हाड मोडल्याचा तो आवाज झाला. सॉसेज भाजणाऱ्यानंसुद्धा हातातला चिमटा खाली ठेवला.

बॉल तेवढ्यात गोलमध्ये गेला होता. रेफरीनं गोल दिला. फाऊल नव्हताच.

नंतर सगळ्यांनी विदला सांगितलं की त्यात तुझी काही चूक नाही. चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं तरी तेच दिसत होतं. चूक असती तर निदान माफी तरी मागता आली असती. नाताळात विदच्या आईनं पोतित्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण भरलेला गोड पाव, भाजून पेर्कोंच्या घरी पाठवली, तिकडून आभाराचं कार्ड आलं. विदनं निरोप पाठवले, त्यांतल्या एकाला उत्तर आलं, "बरं आहे." पुढे पेपरात छोटीशी बातमी आली: जखम चिघळली, दुसरं ऑपरेशन झालं, पाय आखूड राहणार. पेर्को पुन्हा खेळणार नाही हे त्यात कुणी लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

शिट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, विद आईवडिलांकडे जेवायला म्हणून निघाला आणि गाडी पोहोर्येकडे वळवली.

दार स्तोयानच्या बायकोनं, दारिंकानं उघडलं. तिनं त्याला लगेच ओळखलं, पण बाजूला झाली नाही.

"फोन न करता आलास," ती म्हणाली.

"फोन केला असता तर ते नको म्हणाले असते."

"तो नाही, मी म्हणाले असते." ती त्याच्याकडे नीट बघत राहिली. "माफी न्यायला आला असशील तर तो देईल. कुणी काही मागितलं की तो देऊन टाकतो. म्हणून आधी मी विचारतेय, कशाला आलास?"

मला माहीत नाही, असं विद खरं तेच म्हणाला. दारिंकानं हातानंच घरामागची बाग दाखवली.

स्तोयान सफरचंदाच्या झाडांची छाटणी करत होता. त्याची चालायची काठी एका फांदीला अडकवलेली होती. विदला पाहून त्याला आश्चर्य वाटलं की नाही ते कळलं नाही. त्यानं 'ये' म्हटलं, 'बस' म्हटलं नाही, आणि खाली पडलेल्या काटक्या गोळा करायला सांगितल्या. बराच वेळ दोघं तेच करत राहिले. तो कापायचा, विद उचलायचा. शेवटी विदनंच विचारलं, "तुमचा पाय आता कसा आहे?"

"अहो-जाहो काय करतोस? एका मैदानात उतरलेली माणसं एकमेकांना अरे-तुरेच करतात." त्यानं आणखी एक फांदी कापली. "काल टीव्हीवर पाहिलं तुला. थांबलास."

"गोलकीपर बाहेर आला होता."

"मग? त्यासाठीच असतो तो."

विदनं गोळा केलेल्या काटक्या खाली ठेवल्या. मग हळूहळू सगळं बोलला. गोलकीपर पुढे आला की तो आवाज आधी ऐकू येतो, नंतर पाय जड होतात. क्लबनं मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं, त्या बाई चांगल्या आहेत, पण मैदानात त्या नसतात. स्तोयाननं छाटणी थांबवून ऐकून घेतलं. विदला वाटलं, आता हा धीर देणार.

"म्हणजे माझा पाय तू डोक्यात घेऊन फिरतोस," स्तोयान म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण चेहरा लाल झाला होता. "मला विचारलंस? कारखान्यात आता मी फाटकावर बसतो. येणारा-जाणारा म्हणतो, अरेरे, त्या पोराचंही वाटोळं झालं हो तुमच्या त्या अपघातात. अपघात! मी शाळेत असल्यापासून गोलमध्ये उभा राहतोय. तो माझा शेवटचा बॉल होता. मी धावलो, तू धावलास, कुणीही मागे हटलं नाही. चांगला बॉल होता तो. आणि तू दर शनिवारी सगळ्या देशाला दाखवतोस की आपण तेव्हा काहीतरी भयंकर केलं."

स्तोयाननं काठी घेतली आणि म्हणाला, "गाडीत बूट आहेत?"

गावचं मैदान अग्निशमन दलाच्या इमारतीमागे होतं. रविवारी दुपारी तिथं कुणी नव्हतं. पोहोर्येवर अजून बर्फ दिसत होता, मैदान मात्र मऊ झालं होतं. स्तोयाननं काठी गोलच्या खांबाला टेकवून ठेवली आणि लंगडत पुढे आला. विदनं दोनदा नको म्हटलं. स्तोयाननं ऐकलं नाही. बॉल मधे फेकला आणि ओरडला, "ये!"

विद धावला. स्तोयान पुढे निघाला. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. ते बघूनच विदचे पाय थांबले. स्तोयाननं वाकून बॉल उचलला आणि विदच्या छातीवर जोरात मारला.

दुसऱ्यांदा विदनं लांबूनच बॉल मारला. तो स्तोयानच्या बाजूनं जाळ्यात गेला. स्तोयाननं मागे वळूनही पाहिलं नाही.

"लांबून कुणीही मारेल," तो म्हणाला. "माझ्याकडे नको बघूस, बॉलकडे बघ. मी लंगडा आहे ते माझं मी बघतो."

तेवढ्यात कुंपणाशी दारिंका येऊन उभी राहिली. अंगावर स्वयंपाकघरातला एप्रन तसाच होता. स्तोयान, घरी चल, एवढंच ती म्हणाली. तो हो म्हणाला आणि बॉल पुन्हा मधे फेकला.

या वेळी विदनं खरोखरच फक्त बॉल पाहिला. चिखलात पडून जड झालेला, एका बाजूनं पांढरा. कानात तो आवाज आलाच, पण विद धावत राहिला. समोरून स्तोयानचा श्वास ऐकू आला, त्याच्या अंगाची सावली बॉलवर पडली, आणि विदनं बुटाचं टोक पुढे केलं. स्तोयाननं अख्खं अंग आडवं टाकलं. त्याची बोटं बॉलपर्यंत पोचता पोचता राहिली. विद त्याच्यावरून उडाला. बुटाचा खिळा कशाला तरी घासला. कशाला ते कळलं नाही. तो चिखलात तोंडावर पडला आणि बॉल गोलमध्ये जाताना त्याला दिसलाच नाही.

मागे काहीच हालचाल नव्हती. विद वळला. स्तोयान कुशीवर पडला होता, डोळे मिटलेले. दारिंका कुंपणावरून आत येत होती. विद उठून धावणार तोच स्तोयाननं पडल्यापडल्या हात वर केला. दोघंही जागच्या जागी थांबले.

"कुणी येऊ नका," तो म्हणाला. "मी उठतो."

उठायला त्याला फार वेळ लागला. विद तोंड फिरवून पोहोर्येवरच्या बर्फाकडे बघत राहिला. दारिंका मात्र बघत होती. तिनं नजर काढली नाही.

सोमवारी संध्याकाळी विदला अनोळखी नंबरवरून फोन आला. दारिंका होती.

"त्याचा पाय सुजलाय," ती म्हणाली. "डॉक्टर शिव्या देऊन गेले. तुला सांगू नकोस म्हणून त्यानं मला बजावलंय, म्हणून सांगतेय. मला तुझी दया येत नाही, विद. पण त्यानं हे उगीच केलं असं होऊ देऊ नकोस."

विद काही म्हणायच्या आत तिनं फोन ठेवला होता.

शनिवारी ह्रेननी शब्द पाळला. विद पहिल्यापासून खेळला, आणि अर्धा सामना होईपर्यंत त्याच्याकडे धड एक पास आला नाही. मफलरवाला म्हातारा आपल्या जागेवर होता. मध्यंतरानंतर विदचा पहिलाच बॉल निसटला, तेव्हा शिट्ट्या पुन्हा सुरू झाल्या. बाकावर ह्रेननी दुसऱ्या फॉरवर्डला अंग गरम करायला उठवलेलं त्याला दिसलं. तो मुलगा रेषेपलीकडे उड्या मारू लागला.

मग डाव्या बाजूनं एक वाईट पास आला. ना विदचा, ना कुणाचा. बचावपटूच्या पायाला लागून तो पेनल्टी बॉक्समध्ये घरंगळत सुटला. गोलकीपर निघाला. दणकट माणूस होता, हातमोजे पुढे करून सरळ येत होता. आवाज आला. विदचा पाय एका क्षणासाठी जड झाला, आणि त्या जड पायानंच तो पुढे गेला. धडक बसली ती छातीवर. श्वास गेला, डोळ्यांपुढे काळं आलं, गोलकीपर खाली आणि हा त्याच्या अंगावर. स्टेडियमभर गलका उठला, पण विदला आधी ऐकू आलं ते गोलकीपरचं बोलणं.

"ऊठ की बाबा," तो खालून कण्हत म्हणाला. "किती जड आहेस."

विद बाजूला झाला आणि त्याला हात दिला. तो उठला, पाय झटकले, आपल्या बचावपटूंना शिव्या घालत निघून गेला. तेव्हा कुठे विदनं मागे पाहिलं. बॉल जाळ्यात होता. सगळा संघ त्याच्या अंगावर पडला आणि दुखऱ्या बरगड्यांनी तो कळवळला.

सामना त्यांनी त्या एका गोलवर जिंकला. ग्रात्सचा माणूस त्या दिवशी आलेला नव्हता. ह्रेननी विदच्या मानेवर हात ठेवला आणि काही न बोलता पुढे गेले.

बरगड्यांवर बर्फ बांधून विद गाडीत बसला आणि त्यानं फोन लावला. दारिंकानं उचलला. सामना पाहिला, एवढंच म्हणाली, आणि फोन नवऱ्याकडे दिला. पलीकडे काही वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला, मग तो बंद झाला.

"लागलं का रे?" स्तोयाननं विचारलं.

"थोडं. तुझा पाय?"

"आहे," तो म्हणाला. "तो गोलकीपर उशिरा निघाला. बॉल बचावपटूला लागला तेव्हाच निघायला हवं होतं. उभा काय राहिला मूर्खासारखा." मग त्याचा आवाज खाली आला. "मी असतो तर पोचलो असतो."

विदनं डोळे मिटले.

"पोचला असतास," तो म्हणाला.

फोन दोघांनीही बंद केला नाही. स्तोयाननं तो चालूच टेबलावर ठेवला; पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग लाकडी जमिनीवर काठी टेकल्याचा, आणि तो आवाज सावकाश खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला.