तात्यांच्या रिव्हॉल्व्हरची माशी

नेम हातात नसतो, चारित्र्यात असतो, असं तात्या खोपकरांचं ठाम मत होतं. चारित्र्याला लायसन लागत नाही. रिव्हॉल्व्हरला लागतं, आणि १९६५ साली घोळ झाला तो तिथंच.

तात्या कर्जतचे निवृत्त वकील. त्यांची वकिली कशी होती हे गावाला आठवत नव्हतं, पण आजोबांकडून आलेलं रिव्हॉल्व्हर सगळ्यांना ठाऊक होतं. दसऱ्याला ते कमरेला लावून तात्या सीमोल्लंघनात सर्वांच्या पुढे चालत. एरवी त्यांना पुढे चालायला कुणी सांगितलं नसतं. चीनच्या लढाईनंतर गावोगाव रायफल क्लब निघाले, तसा आमचाही निघाला. मग नवे मामलेदार आले आणि त्यांनी फर्मान काढलं: नुसती मिरवायची हत्यारं ठाण्यात जमा करा. तात्यांनी अर्ज केला की हे मिरवायचं नसून नेमबाजीच्या खेळाचं हत्यार आहे.

"उत्तम," मामलेदार म्हणाले. "मग क्लबाच्या सामन्यात खेळा. सहापैकी तीन गोळ्या कागदावर लागल्या, तर लायसन चालू. नाहीतर जमा."

"तीन?" तात्या हसले. "सहा मोजायची तयारी ठेवा."

त्या रिव्हॉल्व्हरचा घोडा दर गोळीला अंगठ्याने मागे ओढावा लागे. तात्यांच्या मते अचूकपणाचं सगळं मर्म त्यातच होतं. घोडा आधीच मागे असला की चाप फुलासारखा हलका होतो आणि नळी जराही हलत नाही. हे खरं आहे, म्हणूनच ऐकणाऱ्याला जास्त त्रास होई. भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधल्या मधू वैद्य नावाच्या तरुण इंजिनियरचं रिव्हॉल्व्हर नव्या पद्धतीचं होतं. नुसता चाप ओढला की बाकीचं ते आपलं आपण करी.

"ही माथेरानच्या हातरिक्षातली नेमबाजी," तात्या म्हणत. "आपण बसायचं, ओढणारे ओढतील."

तात्यांचा सराव घरातच चाले, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि रिकाम्या रिव्हॉल्व्हरने, कारण काडतुसं सहाच उरली होती.

"आज कुणाला मारलंत?" त्यांच्या पत्नी द्वारकाबाई स्वयंपाकघरातून विचारत.

"संकष्टीला. बरोबर मधोमध."

रिकाम्या नळीचा नेम चुकल्याचं आजवर ऐकिवात नाही.

सामना भिवपुरीला, वसाहतीमागच्या माळावर झाला. मातीच्या बांधापुढे कागदी लक्ष्यं उभी केली होती आणि गोळ्या कुठं लागल्या हे सांगायला बांधाआड पोशीरचा पदू बसला होता. मधूने भराभर सहा गोळ्या झाडल्या. चार कागदावर लागल्या, पण लाह्या उडाव्यात तशा, चार दिशांना. तात्यांनी दर दोन गोळ्यांच्या मध्ये एकेक छोटं व्याख्यान दिलं. पदू बाहेर आला, त्याने कागद पाहिला, उलटून पाहिला.

"तात्या, कागूद कोरा हाय."

"नीट बघ. सगळ्या एकाच भोकातून गेल्या असतील."

"एक तरी भोक पायजे ना, तात्या!"

मामलेदारांनी तोंड डोंगराकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. तात्या खुर्चीत बसले. तेवढ्यात पदू पुन्हा ओरडला, "ओ, हितं बगा रं!"

लक्ष्याच्या हातभर खाली, बांधाच्या मातीत, सहाच्या सहा गोळ्या घुसल्या होत्या. वर आमटीची वाटी पालथी घातली असती तर सगळ्या झाकल्या असत्या. अशा गोळ्या आमच्या क्लबात कुणी एकत्र पाडल्या नव्हत्या.

"अचूकपणा म्हणतात तो हा!" तात्या उठून उभे राहिले.

"अचूक हाय की," पदू म्हणाला. "बांध जागीच मेला."

मधूने ते रिव्हॉल्व्हर निरखून पाहिलं. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी असते. तात्यांची माशी चांगली हरभऱ्याएवढी झाली होती. मधूने नखाने खरवडलं. आधी पिवळं निघालं, मग लाल, मग एक तांदळाचा दाणा. पन्नाससाठ दसऱ्यांचं हळदकुंकू तेलात मुरून घट्ट झालं होतं. माशी उंच झाली की नेम धरताना नळी खाली झुकवावी लागते, आणि गोळी नळीचंच ऐकते.

"तात्या, हे कधी पुसत नाही तुम्ही?"

"नळी रोज पुसतो. पण पूजा कुणी पुसतं का रे?"

"माझ्याकडे बघू नका," डबा घेऊन आलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या. "मी चिमूटभरच वाहते."

तात्यांनी खिशातला चाकू काढला. क्षणभर थांबून हात जोडले आणि वाडवडिलांचे सगळे दसरे खरवडून काढले. खालून जुनी, पातळ, सुरेख माशी निघाली.

"पुन्हा!" ते म्हणाले.

"काडतुसं?" मामलेदारांनी विचारलं.

काडतुसं बांधात होती. मधूची तात्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसत नव्हती.

"तुमचं हत्यार अचूक आहे, हे मी स्वतः पाहिलं," मामलेदार अगदी आदराने म्हणाले. "पण कागद कोरा आहे."

संध्याकाळी रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा झालं. ठाण्यातही दसऱ्याला शस्त्रपूजा होते.