डाव्या तळपायाचा काळा डाग

बोला म्हणं! आठ वर्सं पाण्यात, शेणात उभा व्हतो तवा कुणी इचारलं न्हाई, आन् आता मनोगत पायजे. बरं, ऐका. मी चांदभाईंचा डावा गमबूट बोलतोय. मधी तोंड घालू नका.

चांदभाईंनी मला दौंडच्या बाजारात घेतलं. केडगावच्या अलीकडं एका गावात डेअरीवर ते दूध मापायचे, मशीनवर त्यातली फॅट तपासायचे. फरशी कायम वली, म्हणून मी. पहाटं पाचला पाय आत, नऊला भाईर.

एकदा त्यांच्या तळपायाला काळा ठिपका दिसला. हमीदाभाबी, त्यांची बायको, म्हणाली, "ह्यो बूटच चावलाय. कुरूप झालंय." तिनं बिब्बा तापवून चटका दिला. बिब्ब्याचाबी डाग काळाच. ठिपका वाढत गेला, तरी वरीसभर समद्यांला वाटलं, बिब्ब्याचा हाय. शिव्या मातर मला.

शेवटी पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, कातडीचा कॅन्सर. कापून काढला. "वेळेत आलात काका. जांघेतल्या गाठींपर्यंत पसरलेला नाही."

चांदभाई परत कामावर. दूध घालायला गिताबाई आली की म्हणायचे, "पाणी म्हशीला पाज गं, दुधाला नगं!"

"आधी तुमच्या मशीनला चष्मा लावा, मामा!"

मग एक दिवस डेअरीचा टँकर माघारी आला. दुधात पाणी निघालं. चेअरमन विक्रम समद्या गावापुढं म्हणाला, "चांदमामा, या वयात ही बुद्धी? उद्यापासून येऊ नका."

चांदभाई तसेच घरी आले. पण दुसऱ्या दिशी पहाटं मला घातलंच. डेअरीच्या फाटकापत्तुर गेले, उभे ऱ्हायले, माघारी फिरले. असं रोज, चार महिने. जेवण तुटलं, झोप उडाली. पाय इतका वाळला की माझ्यात लटलट हलायचा.

मग जांघेत गाठ आली. डॉक्टरनं इचारलं, "मधे कसला घोर लागला होता का?" भाबीनं समदं सांगितलं. तो म्हणाला, "घोरामुळं शरीराची राखण ढिली पडत असावी, असा आजार पसरायला वाट मिळत असावी. अभ्यास चालू आहे. पण यानंच झालं असं मी सांगणार नाही."

खरं बोलला. मीबी सांगत न्हाई. मला रबराला काय कळतंय? पण त्या फाटकापुढं पाय कसा थरथरायचा, ते मला ठावं हाय.

पाणी दूध गार करायच्या कूलरच्या फुटक्या पायपातनं दुधात गेलं व्हतं. मिस्त्रीनं ते दावलं तवा विक्रम तिथंच उभा व्हता, असं गिताबाईनं येऊन सांगितलं. तवापासनं चांदभाई खाटंवर पडून दाराकडं बघत्यात. पाय सुजलाय, आता माझ्यात मावत न्हाई. रस्त्यानं कुणी गेलं की मान उचलत्यात.

"कुणी न्हाई, झोपा," भाबी म्हणती.

"येईल गं. लाजत आसंल पोरगं."

डॉक्टर आता महिन्यांचं बोलत न्हाई, दिसांचं बोलतोय. डेअरी हितनं दोनशे पावलं, मीच चाललोय ती. तुमच्यातलं कुणी तिकडं जाणार आसंल तर एवढा निरोप द्या, दार उघडं हाय, म्हातारा अजून जागा हाय. कुणाला सांगायचं म्हंता? विक्रमला.