मागितल्या चिंध्यांची गोधडी

घिवलीच्या माईने उभ्या जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता. चिकूची वाडी आपली, विहीर आपली, दारात गाय. साखर संपली तर बाई गुळाचा चहा पिईल, पण वाटी घेऊन शेजारी जाणार नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही असा खाक्या. आणि हीच माई त्र्याऐंशी सालच्या माघात सरावलीच्या चाळीतून दारोदार चिंध्या मागत फिरत होती.

कारणच तसं होतं. तिचा मुलगा आत्माराम बोईसरच्या एका कारखान्यात कामाला होता आणि सरावलीला भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याची बायको जयवंती दोनदा बाळंत झाली. पहिलं बाळ बारशाआधीच गेलं, दुसरं रांगायला लागायच्या आत. आता तिसऱ्यांदा सातवा सरत आला होता, आणि ती त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती. मागे पालघरच्या बाजारातून कापड आणून तिने हौसेने अंगडी-टोपडी शिवली होती. या खेपेला सुईला हात लावत नव्हती. पोट वाढत होतं आणि ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखी ती भांडी घाशी, तांदूळ निवडी. माईला घोर लागला तो हे बघून. पोर येईल हो, पण त्याची वाट बघणारं कुणी नसेल तर ते राहील तरी कशाला?

मुलं राहत नाहीत त्या घरी नवं कापड शिवायचं नाही, ही माईच्या माहेरापासूनची रीत. ज्या घरांत पोरं जगली-वाढली त्या घरांतून जुनेर मागून आणायचं, त्याची गोधडी शिवायची आणि बाळाला पहिल्यांदा तीत गुंडाळायचं. विकतचं चालत नाही, घरचं चालत नाही. नाव ठेवायचं चिंधू. म्हणजे देवालासुद्धा वाटावं, हे कुणाचं तरी टाकलेलं आहे, राहू दे.

घिवलीत हे एका दुपारचं काम. सरावलीत मात्र पंचाईत झाली. इथे कुणी खानदेशातला, कुणी आजमगढचा. बायकांची जुनी लुगडी बोहारणीकडे जाऊन कधीच भांडी झालेली, आणि उरलीसुरली चिंधी कारखान्यात मशीन पुसायला लागते म्हणून भंगारवाला वजनावर उचलायचा. त्यात गरोदरपणाचा गवगवा करायचा नाही, म्हणून माई कारण सांगेना. चाळीने आपलं ठरवून टाकलं, की आत्मारामच्या आईने चिंध्यांचा धंदा काढलाय.

"मौसी, क्या भाव लेती हो?" कोपऱ्यातल्या खोलीतल्या रामसूरतने विचारलं. हा एकटाच राहायचा, रात्रपाळी करायचा.

"भाव नाय रे. फुकट पायजे."

"फुकट में? कंपनी तो पैसा देती है."

माईच्या अंगाचा तिळपापड झाला. वाडीवाली बाई, आणि भंगारवाली ठरली. पण गिळलं तिने ते. "पोरं हायेत का तुला?" तिने विचारलं.

"हैं ना. गाँव में. दो."

"जगली दोनी?"

त्याने मान हलवली. मग आत गेला आणि उशी घेऊन आला. मैद्याच्या रिकाम्या पिशवीचा अभ्रा होता, कडेने लाल दोऱ्याची वेल भरलेली. "घरवाली ने बनाया था," म्हणाला, आणि कापूस काढून अभ्रा तिच्या हातात दिला.  आयुष्यात पहिल्यांदाच तिने काही मागून घेतलं होतं, आणि देणाऱ्याने आपल्या डोक्याखालचं दिलं होतं.

मग मात्र तिची भीड चेपली. कुणी साखरेच्या पोत्यातलं आतलं कापड दिलं, कुणी शाळेचा फाटका फ्रॉक, कुणी मोडक्या छत्रीचं कापड. एकाने खताची नायलॉनची गोणी पुढे केली. "बाळाला घालू की यात भात भरू?" असं माई मनातल्या मनातच म्हणाली, पण फेकेल ती माई कसली. दुपारभर बसून तिने त्या गोणीची बाजाराची पिशवी शिवली आणि ज्याची गोणी त्यालाच नेऊन दिली. तेव्हापासून चाळीतल्या बायका तिला आपणहून हाक मारू लागल्या.

आणलेलं सगळं ती डालड्याच्या मोठ्या डब्यात धुण्याचा सोडा घालून उकळायची आणि दारापुढे वाळत घालायची. जयवंती त्या दोरीखालून मान खाली घालून जायची. एकदाच बोलली.

"कशाला करता माई हे? मागं मीपण शिवलं होतं."

 माईने दुसरीकडे बघून कापड झटकलं.

शेवटी ती ठमीकडे गेली. ठमी मनोरपलीकडच्या डोंगरातली. भातं झाली की नवऱ्याबरोबर बांधकामावर यायची. चाळीमागे नव्या कारखान्याच्या भिंती उठत होत्या, तिथे ती विटा वाहायची. बाभळीला तिची झोळी टांगलेली आणि झोळीत गुटगुटीत पोर. माई झोळीपाशी उभी राहिली, एवढंच. ठमीला सांगावं लागलं नाही.

"पोर जगवायचं हाय ना?" ठमी म्हणाली. "देतं मी. पन आय कुठं हाय?"

"ती सून माझी. मी मागते तिच्यासाठी."

"तुमी मागून कसं व्हल, माई? पोर तिचं हाय. पदर तिनं पसराया पायजे. तिला घेऊन या, मंग देतं."

माई विटांवरच बसली. हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच. घिवलीतही आईच पदर पसरते, सासू नुसती मागे उभी असते. पण त्या पोरीला दारोदार उभं करायला माईचा जीव धजला नव्हता, म्हणून तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं की आपण मागितलं काय नि तिने मागितलं काय. एवढी दारं फिरली, एवढं ऐकून घेतलं, आणि सगळं वाया.

घरी आली ती उंबऱ्यावरच रडत बसली. जयवंती घाबरली. माईला रडताना तिने कधी बघितलं नव्हतं, दोन्ही नातवंडं गेली तेव्हासुद्धा नाही.

"चुकलं माझं," माई म्हणाली. "तुझा पदर मी पसरत फिरले. ते लागू होत नाय. आता तू नको जाऊस, जयू. राहू दे. मला आपलं वाटलं, तुला अजून नको दुखवायला."

 जयवंतीने घडी घालून ठेवलेले तुकडे पुढे ओढले. लाल वेलीचा अभ्रा उचलून हातात घेतला. मग विचारलं, "हा कुणाचा?"

"कोपऱ्यातल्या रामसूरतचा. त्याच्या बायकोनं केलेला अभ्रा."

"पोरं हायेत त्याला?"

"दोन हायेत. गावाला. बरी हायेत."

जयवंतीने लाल वेलीवरून बोट फिरवलं. मग फ्रॉकचं विचारलं, छत्रीच्या कापडाचं विचारलं, एकेका तुकड्याचं विचारलं, आणि माई एकेका घरचं पोर सांगत गेली. शेवटचा तुकडा झाला तशी जयवंती भिंतीचा आधार घेत उठली. माईला वाटलं, चुलीकडे चालली. तर ती माईच्याच पुढे येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी पदर पसरला.

"माई, तुमच्या घरात पोर जगलं. तुमचा आत्माराम. माझ्या बाळाला चिंधी द्या."

बाळ हा शब्द तिच्या तोंडून या खेपेला पहिल्यांदाच निघाला. 

"घरचं चालत नाय गं," माई कशीबशी म्हणाली.

"मी मागते हाय ना?"

माईच्या अंगावर संक्रांतीला घेतलेलं कोरं लुगडं होतं. नवं चालत नाही, हेही तिने मनात आणलं नाही. दातांनी काठ तोडला, पदराचा हातभर तुकडा टरकन फाडला आणि सुनेच्या पदरात टाकला. मग दोघी एकमेकींना धरून मनसोक्त रडल्या.

उजेड होता तोवरच त्या बाहेर पडल्या. आधी बाभळीखाली ठमीकडे, मग चाळीत. ज्यांनी एकदा दिलं होतं त्यांच्याही दारी जयवंती नव्याने गेली, पदर पसरून, आणि मागे माई फाटका पदर डोक्यावर घेऊन. रामसूरत पाळीवर निघायच्या तयारीत होता. त्याने गोंधळून माईकडे बघितलं, तशी माईने सुनेकडे हात केला. जयवंतीनेच सांगितलं, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात, की माझ्या बाळासाठी मागते आहे.