पानाच्या माथ्यावरची ठळक ओळ

मी एक ओळ आहे. ठळक, किंचित तिरकी, चारचौघींत उठून दिसणारी. नोकरी शोधणाऱ्यांची आणि देणाऱ्यांची एक वेबसाइट असते ना, जिथे प्रत्येकाचं एक पान असतं आणि त्या पानावर प्रत्येक जण कोट घालून हसत असतो, तिथे एका मुलीच्या नावाखाली मी नांदायला गेले.

माझं माहेर दुसरीकडे, अक्षरं नटवून देणाऱ्या एका साइटवर. तिथे पडद्यावर एक रिकामी चौकट असते. तिच्यात साधी इंग्रजी अक्षरं टाकली की खाली आम्ही बहिणी नटूनथटून रांगेत उभ्या राहतो. कुणी जाडजूड, कुणी वळणदार, कुणाच्या प्रत्येक अक्षराभोवती गोल. साधी अक्षरं म्हणजे आमच्या घरातली वडीलधारी मंडळी. त्यांचं एकच पालुपद, "नीट वाचता आलं म्हणजे झालं, नटायचं कशाला?" मला ते कधी पटलं नाही. ज्याच्याकडे कुणी बघतच नाही, ते नीट वाचणार तरी कोण?

जिनं मला निवडलं तिला घरात सगळे धाकटी म्हणत. ती खोक्यांची डिझायनर. औषधाची गोळी ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी येते, ते खोकं कुठे दुमडायचं, कुठून उघडायचं, त्यावर काय आणि केवढं लिहायचं, हे ती ठरवते. ही विद्या कॉलेजात मिळाली, पण वेड लागलं ते आत्यामुळे. आत्याची दृष्टी गेलेली. सकाळच्या गोळ्यांच्या खोक्याला ती एक रबरबँड लावायची, रात्रीच्या खोक्याला दोन. एकदा रबरबँड तुटला आणि रात्रीची गोळी सकाळी पोटात गेली. आत्या दिवसभर झोपली आणि धाकटी दिवसभर तिच्या उशाशी बसली. त्यानंतर तिनं एक खोकं बनवलं. त्याच्या अंगावर उठावाचे ठिपके, आणि सकाळचं खोकं एका कोपऱ्यात कापलेलं, म्हणजे नुसतं हातात घेतलं तरी कळावं.

ते खोकं तिनं एका प्रदर्शनात मांडलं. औषधांची खोकी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या भरतीच्या बाई तिथे आल्या. त्यांनी डोळे मिटून खोकं चाचपलं. म्हणाल्या, "कार्ड नको देऊस, माझ्याकडून हरवतं. नावंही राहत नाहीत डोक्यात, काम राहतं. या महिन्यात एक जागा भरायची आहे. साइटवर शोधून काढीन तुला."

झालं. धाकटी घरी आली ती तरंगतच. जागा एक, मागणारे ढीगभर. आपलं पान त्यांच्या डोळ्यांत भरायलाच हवं. मी माथ्यावर चढले ती त्या दिवशी. माझ्या अंगावर इंग्रजीत लिहिलेलं होतं : पॅकेजिंग डिझायनर, हातांनी वाचता येतील अशी औषधांची खोकी.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्यात डोकावलं. "अक्षरं जाड केली की माणूस मोठा होतो का गं?"

"तुमच्या दुकानाची पाटी बारीक अक्षरात आहे का, बाबा?"

"ती दुकानाची पाटी. माणसानं कसं साधं असावं. आमच्या वेळी अर्ज एका कागदावर—"

"तुमच्या वेळी अर्ज करणारे तिघं असायचे. त्यातला एक आजारी पडायचा."

मला ही पोरगी आवडली. मीही तशीच.

पहिल्या दिवशी मैत्रिणींनी पसंतीचे अंगठे दिले. 'भारी दिसतंय,' कुणीतरी लिहिलं. आजूबाजूच्या पानांवर बघावं तर सगळेच 'ध्येयवेडे', सगळेच 'नव्या आव्हानांच्या शोधात'. एवढ्या ध्येयवेड्यांत मी एकटी काहीतरी नेमकं सांगत होते, तेही छाती पुढे काढून.

पण बाई काही आल्या नाहीत. महिना उतरणीला लागला. धाकटीनं कंपनीच्या पत्त्यावर लिहून पाहिलं, तर तिकडून आभाराचं छापील उत्तर आलं. बाबा जेवताना म्हणाले, "मी म्हटलं होतं. फार मिरवलं की लोक बिचकतात." धाकटीनं ताट सरकवलं आणि उठली.

त्याच आठवड्यात आत्या राहायला आली. आत्याचा फोन पडद्यावर असेल ते बोलून दाखवतो, आणि बातम्यांपासून भाचरांच्या भांडणांपर्यंत सगळं ती कानांनी वाचते. "तुझं ते पान ऐकव बघू," ती म्हणाली. धाकटीनं पान उघडून फोन तिच्या हातात दिला.

फोननं आधी नाव वाचलं. मग तो माझ्यापाशी आला. म्हणाला, "गणिती ठळक तिरपा पी. गणिती ठळक तिरपा ए. गणिती ठळक तिरपा सी..."

आत्यानं थोडा वेळ ऐकलं. "तू गणित कधीपासून शिकवायला लागलीस?"

"फोन बिघडलाय तुझा, आत्या."

"बरं. मग खालचं सगळं कसं धडाधड वाचतोय? कॉलेज कळलं, प्रदर्शन कळलं. तू करतेस काय, तेवढंच कळलं नाही."

  धाकटीनं स्वतःच्या फोनवर शोधाच्या चौकटीत साध्या अक्षरांत आपलाच धंदा टाकला. पानांमागून पानं आली. तिचं आलं नाही.

आमच्या माहेरची गोष्ट अशी आहे की आम्ही दिसतो अक्षरांसारख्या, पण आमची जात चिन्हांची, गणितात वापरतात तसल्या. माणसाचा डोळा आम्हाला सहज वाचतो. शोधणारं यंत्र 'पॅकेजिंग' शोधत येतं आणि आमच्यासमोरून तसंच पुढे निघून जातं. आत्याच्या फोनसारखे आवाज एकेक चिन्ह मोजत बसतात, नाहीतर आम्हाला गिळूनच टाकतात. यात माझा दोष नाही. भर चौकात नाचायला शिकवलेल्या पोरीला कुणी दारावर पहारा द्यायला बसवलं, तर चोरी होणारच.

"ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी खोकी बनवते," धाकटी स्वतःशीच म्हणाली, "आणि स्वतःचं खोकं असं."

बाबांनी तोंड उघडलं. तिनं बोट वर केलं. "बाबा, काही बोलू नका. तुम्ही मिरवू नको म्हणत होतात. मी मिरवणारच. फक्त जागा चुकली होती."

तिनं मला उचललं आणि माझ्या जागी त्याच शब्दांत साधी अक्षरं बसवली. वडीलधारी मंडळी काठी टेकत आली आणि काही न बोलता कामाला लागली. मला मान्य करावं लागेल, त्यांना ते काम येतं.

महिना संपायच्या आत फोन वाजला. भरतीच्या बाई. "किती शोधलं तुला. खोकी बनवणारे शेकड्यानं सापडले, कोपरा कापणारी सापडेना. होतीस कुठे?"

"इथेच होते, मॅडम. जरा नटून बसले होते."

मुलाखतीला ती ते खोकं आणि आत्याचा तुटका रबरबँड घेऊन गेली. जागा तिला मिळाली. बाबांनी ही बातमी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली, साध्या माणसाला शोभणार नाही इतक्या मोठ्या आवाजात.

मी आता कुठे आहे? त्याच पानावर, वरच्या रुंद चित्रात. पूर्वीपेक्षा दुप्पट जाड, रंगीत, अंगावर नवे शब्द, खोक्याच्या फोटोवर ऐसपैस पसरलेली. चित्राला धाकटीनं साध्या अक्षरांत वर्णन जोडलंय, म्हणजे ज्यांना मी दिसत नाही त्यांना मी ऐकू येते. आत्यानं परवा पुन्हा पान लावलं. फोन म्हणाला, "चित्र : कोपरा कापलेलं औषधाचं खोकं, त्यावर मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलंय, हात लावून बघा."

आत्या हसली आणि सवयीनं हात पुढे केला.

तेव्हा माझ्या माहेरच्या चौकटीत अक्षरं टाकायला येणाऱ्या नव्या मालकांनो, मला जरूर घेऊन जा. मिरवा, लाजू नका, कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. पण तुम्ही कोण आणि काय करता, एवढं मात्र माझ्या अंगावर टाकू नका. ते म्हाताऱ्यांकडे द्या. आणि मला त्यांच्या डोक्यावर बसवा. तिथून मी छान दिसते.