नऊ नंबर उलटी चालली

"सर, नऊ नंबरनं गोल मारायचा न्हाय, तर मग काय कॉर्नरला बसून कणसं भाजायची?"

हे मी सरांना विचारून दाखवावं, अशी पैज आमची विंगर स्वरूपा आणि बॅक छकुली यांनी लावली होती. मागच्या वर्षी मी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात बोलायचे. पण बारामतीच्या टीमनं आम्हाला धुतल्यावर मी विचारलंच, सगळ्या पोरींसमोर.

कारण त्या मॅचमध्ये जे झालं ते मला अजून पचलेलं नाही. मोबाइलवर फुटबॉलच्या जुन्या मॅच बघून बघून माझं अटॅकचं गणित पक्कं होतं. विंगरनं कडेकडेनं पळायचं, क्रॉस टाकायचा आणि गोलपुढं उभ्या असलेल्या नऊ नंबरनं, म्हणजे मी, तो आत ढकलायचा. तर बारामतीची नऊ नंबर चक्क उलटी, स्वतःच्या गोलकडं चालत गेली. छकुलीसकट आमच्या सगळ्या बॅक तिला चिकटून मैदानाच्या मध्यापर्यंत. आणि मागं मोकळ्या पडलेल्या रानात त्यांची बॅक आली, हो, बॅक, जिचं काम गोल वाचवायचं, आणि गोल मारून गेली. पुन्हा तेच. आम्ही पुन्हा तिच्या मागं. तिनं स्वतः मात्र एकही गोल मारला नाही.

रामहरी सर माझ्या प्रश्नावर हसलेच नाहीत. म्हणाले, "आता पुढची पोरगी नुसती गोल मारायला नसती, जागा करायला असती. शनिवारी इंदापूरला तू हेच करायचंस, योगिनी."

मी गारच पडले. शनिवारी जिल्ह्याची निवड. आणि निवडणारे काय बघणार, तर गोलकडं पाठ करून चाललेली मी?

घरी सांगितलं तर आईचा भाकरी थापता थापता हात थांबला. भाची गोल मारणार म्हणून तिनं इंदापूरच्या मामांना घरादारासकट बोलावून ठेवलं होतं. आप्पा मात्र पोट धरून हसत सुटले. आमची मेंढरं होती तेव्हा ते कळपात मुद्दाम एखादी शेळी ठेवायचे.

"मेंढरं हाकून वळत न्हाईत, बाय. शेळी वळवायची, कळप तिच्या मागं येतो. त्या पोरीनं तुमची मेंढरं केली की गं."

पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातली मी, आणि माझ्याच टीमला त्यांनी असं हिंडवावं?

"आन् तुझ्या निवडीचं?" आईनं विचारलं.

"न्हाय झाली तर न्हाय झाली. मामांना आत्ताच फोन लावून सांग, आई. शनिवारी मी त्यांच्या सगळ्या बॅक माझ्यामागं हिंडवणार हाय. गोल छकुली मारंल."