तान्ह्याचा मुजरा

"बाळ माझं मोठं होई, डोई पागोटं ग लेई,
सरकारच्या दरबारी वाकून मुजरा देई..."

आई जाऊन वर्षं लोटली, तरी ही ओवी वनमालेच्या कानात जात्याच्या घरघरीसकट होती. म्हणून तिचा सात महिन्यांचा तान्हा झोपेतून उठताच हात पसरून पुढे वाकला, पुन्हा पुन्हा वाकला, तेव्हा घरादाराबरोबर तीही हसली.

"शिलेदाराचं रक्त आहे!" सासरे सूर्याजीराव म्हणाले. दौलतगंजातल्या वाड्यात येईल त्याला ते नातवाचा मुजरा कौतुकानं दाखवू लागले. मुजरा झाला की बाळ कळवळून रडे. ते मात्र कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटी पोटदुखीचं निमित्त करून वनमालेनं सासऱ्यांना त्याला फूलबागेजवळच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. तिथंही जाग येताच बाळ वाकलं. डॉक्टरांनी त्याचं एकेक वाकणं मोजलं.

"रावसाहेब, हा मुजरा नव्हे. हे झटके आहेत, मेंदूतून येतात."

"अजी, छोडिए! वात धरला असेल पोटात. घुटी द्या, बस्स."

डॉक्टर वनमालेकडे वळले. "बाई, हा हसतो का? पूर्वीसारखा बघतो का?"

"हसतो की! खूब हसतो!" उत्तर सूर्याजीरावांनीच दिलं.

सासऱ्यांसमोर ती कधी तोंड उघडत नसे. आज तिनं पदर मागे सारला.

"नाही, मामंजी. दिवाळीपासून हसला नाही तो. मी हाक मारते, तो भिंतीकडे बघतो. माझं बाळ मला ओळखत नाही."